'अ किड इन किंग आर्थर्स कोर्ट' मुलांबरोबर कसा पाहावा: एका चित्रपटात मिसळलेले चार काळ वेगळे करण्याची पद्धत

कॅलिफोर्नियातील रेसिडा या उपनगरात राहणारा कॅल्विन फुलर हा किशोरवयीन मुलगा बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजीला उभा असताना भूकंप होतो, त्याच्या पायांखालची जमीन दुभंगते आणि तो सहाव्या शतकातल्या कॅमेलॉटमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या राजधानीत, काळ्या चिलखतातल्या एका नाइटच्या (घोडेस्वार सरदार-योद्ध्याच्या) डोक्यावर जाऊन आदळतो. 'अ किड इन किंग आर्थर्स कोर्ट' हा डिस्नेचा कौटुंबिक चित्रपट येथून सुरू होतो. मायकल गॉटलीब यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे दीड तासाचा चित्रपट ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याचे फारसे कौतुक केले नव्हते, आणि केवळ कलाकृती म्हणून पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे मला कारण दिसत नाही. खलनायक पातळ आहे, विनोद पुष्कळदा बेतलेले वाटतात आणि कॅल्विनच्या वाट्याला येणारे विजय फार स्वस्तात मिळतात.

तरीही नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसोबत बसून पाहण्यासाठी मी हाच चित्रपट सुचवीन, आणि त्याचे कारण त्याच्या उणिवांतच आहे. पडद्यावर दिसणारे 'मध्ययुग' असे एकसंध कधीच अस्तित्वात नव्हते. ते निरनिराळ्या शतकांचे तुकडे जोडून तयार केलेले आहे, आणि या चित्रपटात ते जोड इतके ढोबळ आहेत की दहा वर्षांच्या मुलालाही थोड्या मदतीने सापडतात. ऐतिहासिक चित्रपट पाहताना 'हे कोणत्या काळातले?' असा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावायची असेल, तर नेटक्या, अभ्यासपूर्ण चित्रपटापेक्षा असा ढिसाळ चित्रपट अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी दोन संध्याकाळी, एक वही आणि पालकांची थोडी पूर्वतयारी एवढे पुरते.

पहिली पायरी: पालकांनी आधी चार काळ समजून घ्यावेत

सर्वांत खालचा थर ज्या काळात कथा घडते त्या काळाचा, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या शतकांतील ब्रिटनचा. इसवी सन ४१० च्या सुमारास रोमन सत्तेने ब्रिटनमधून हात काढून घेतला आणि पुढच्या दीड-दोनशे वर्षांत पूर्वेकडून आलेल्या सॅक्सन टोळ्यांनी बेटाचा बराच भाग व्यापला. आर्थर नावाचा कोणी सेनानी झालाच असेल, तर तो या धामधुमीतला. परंतु त्या काळातला एकही लेखक त्याचे नाव घेत नाही. सहाव्या शतकात लिहिणारा गिल्डास हा धर्मोपदेशक बेडन टेकडीवर ब्रिटनच्या लोकांनी मिळवलेल्या विजयाचे वर्णन करतो, पण त्यात आर्थर नाही. आर्थरच्या बारा लढायांची यादी प्रथम येते ती 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या ग्रंथात, आणि तो रचला गेला इसवी सन ८३० च्या सुमारास. शिवाय त्या ग्रंथातला आर्थर हा राजा नसून सैन्याचा म्होरक्या आहे.

दुसरा थर बाराव्या शतकाचा. आज जगाला माहीत असलेली आर्थरची कथा याच शतकात घडली. मॉन्मथच्या जेफ्री या लेखकाने ११३६ च्या सुमारास आर्थरला विश्वविजेता राजा केले आणि जादूगार मर्लिनला त्या कथेशी जोडले. आर्थरचे सरदार ज्याभोवती बसतात ते गोलमेज वास या कवीने ११५५ मध्ये आणले. त्यानंतर दोन-तीन दशकांत क्रेतियाँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या काव्यात कॅमेलॉटचे नाव पहिल्यांदा दिसते. म्हणजे ज्या नगरात कॅल्विन पडतो, त्या नगराचे नावच कथेतल्या काळानंतर सुमारे सहाशे वर्षांनी जन्मले.

तिसरा थर दृश्याचा. लखलखीत पोलादी चिलखते, घोड्यांवरच्या भाल्यांच्या झुंजी आणि फडफडती निशाणे यांतले बहुतेक सारे चौदाव्या-पंधराव्या शतकांतून उचललेले आहे. थॉमस मॅलरीची आर्थरकथा विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापली, आणि तेव्हापासून आर्थरच्या दरबाराची कल्पना करताना डोळ्यांसमोर पंधरावे शतकच उभे राहू लागले.

चौथा थर पालकांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण तो त्यांचा स्वतःचा असतो. तो म्हणजे १९९५ साल. कॅल्विनच्या पाठपिशवीतला सीडी प्लेयर हा चित्रपटात आधुनिकतेचा पुरावा आहे. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र ती वस्तू काय करते हे समजावून सांगावे लागते. त्या मुलाच्या दृष्टीने कॅल्विन आणि आर्थर दोघेही जुन्या काळातले आहेत. ही गोष्ट मुलांच्या तोंडून आपोआप बाहेर येऊ द्यावी, आपण आधी सांगू नये.

दुसरी पायरी: पाहण्यापूर्वी एवढेच सांगावे

ही पायरी दहा-पंधरा मिनिटांपलीकडे नेऊ नये. ब्रिटनचा नकाशा दाखवावा आणि रोमन लोक निघून गेल्यानंतरच्या काळात ही गोष्ट घडते असे दोन वाक्यांत सांगावे. आर्थर खरोखर होऊन गेला की नाही यावर विद्वानांचे एकमत नाही, हेही सांगावे, कारण ते ऐकून मुलांची उत्सुकता उलट वाढते. काळा नाइट कोण आहे, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत फोडू नये. चित्रपटातला तोच खरा आनंद आहे.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत आणि त्यांना 'सहावे शतक', 'बारावे शतक', 'पंधरावे शतक' व '१९९५' अशी नावे द्यावीत. आज या पानावर काहीही लिहायचे नाही, ते दुसऱ्या दिवसासाठी आहे, असे स्पष्ट सांगावे. इंग्रजी संवाद मुलांना भराभर समजत नसतील तर इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत. सात-आठ वर्षांचे भावंड सोबत बसणार असेल, तर मोठ्या मुलाने त्याला मधूनमधून मराठीत सांगत जावे.

अमेरिकेत या चित्रपटाला 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, हा दर्जा मिळालेला आहे. राजाच्या धाकट्या मुलीचे अपहरण, थोरलीवर लग्नासाठी आणलेला दबाव आणि तलवारबाजी एवढे त्यात आहे. रक्तपात अंगावर येईल अशा रीतीने दाखवलेला नाही.

तिसरी पायरी: पहिल्यांदा न थांबवता पाहावा

हौशी पालकांकडून येथेच गडबड होते. दर पाच मिनिटांनी चित्रपट थांबवून माहिती सांगणारा बाप किंवा आई मुलांना परीक्षकासारखी वाटू लागते, आणि मग पुढचा कोणताही चित्रपट त्यांच्यासोबत पाहायला मुले तयार होत नाहीत. पहिल्या संध्याकाळी गोष्ट गोष्टीसारखीच पाहावी. मुले मध्येच 'तेव्हा असे होते का?' असे विचारतील, त्यांना 'उद्या शोधू' एवढेच उत्तर द्यावे.

चित्रपट संपल्यावर पालकांनी आपली गंमत काढायला हरकत नाही. थोरली राजकन्या सारा म्हणजे 'टायटॅनिक' येण्याच्या दोन वर्षे आधीची केट विन्स्लेट आणि शस्त्रविद्या शिकवणारा मास्टर केन म्हणजे पुढे जेम्स बाँड झालेला डॅनियल क्रेग, हे ऐकून मुलांपेक्षा घरातले मोठेच अधिक चकित होतात. म्हातारा, खचलेला आर्थर जॉस ॲकलंड यांनी रंगवला आहे आणि संपूर्ण चित्रपटात मनात राहणारा अभिनय माझ्या मते तेवढाच आहे. मर्लिनच्या भूमिकेतल्या रॉन मूडी यांनी १९७९ च्या डिस्नेच्याच 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑडबॉल' या चित्रपटातही मर्लिन साकारला होता. तेथे आर्थरच्या दरबारात एक अंतराळवीर येऊन पडतो आणि मर्लिन दुष्ट असतो.

चौथी पायरी: दुसऱ्यांदा थांबत थांबत पाहावा

या वेळी वही पुढे घ्यावी आणि रिमोट मुलाच्या हातात द्यावा. संशय आला की त्यानेच चित्र थांबवायचे आणि ती गोष्ट कोणत्या रकान्यात जाईल ते ठरवायचे. पालकांनी खालील जागा माहीत करून ठेवाव्यात, म्हणजे मूल थांबले नाही तरी हळूच खूण करता येते.

पहिली जागा किल्ल्याची. दगडी तट आणि बुरूज असलेले किल्ले इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर उभे राहू लागले. लंडनच्या टॉवरमधल्या पांढऱ्या मनोऱ्याचे काम १०७० च्या दशकात सुरू झाले. सहाव्या शतकातल्या ब्रिटिश सरदाराचे ठाणे कसे असेल याची कल्पना सॉमरसेटमधल्या साउथ कॅडबरी येथील टेकडीवरून येते. तेथे लेस्ली ॲलकॉक या पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली १९६६ ते १९७० या काळात उत्खनन झाले, आणि जुन्या टेकडी-किल्ल्याची रोमनोत्तर काळात पुन्हा केलेली तटबंदी व लाकडी खांबांवरचे मोठे दालन यांच्या खुणा सापडल्या. हे स्थळ म्हणजेच कॅमेलॉट, असे स्थानिक लोक सोळाव्या शतकापासून सांगत आले आहेत. त्याला पुरावा नाही. मुलांना एवढे सांगावे की आर्थरचा 'राजवाडा' असलाच, तर तो मातीचे बांध, लाकूड आणि गवती छप्पर यांचा होता.

दुसरी जागा चिलखताची, आणि येथे सवडीने थांबावे. काळा नाइट पडद्यावर येईल तेव्हा चित्र थांबवून त्याचे खांदे, कोपरे आणि गुडघे नीट पाहायला सांगावेत. शरीराच्या प्रत्येक सांध्यावर वाकणारे पोलादी पत्रे बसवण्याची कला युरोपात चौदाव्या शतकात विकसित होत गेली आणि पंधराव्यात परिपूर्ण झाली. त्याआधी अनेक शतके योद्धे लोखंडी कड्यांचे चिलखत घालत. त्याची वीण समजावण्यासाठी चाव्यांच्या जुडग्यातल्या पाच कड्या घ्याव्यात आणि मधल्या एका कडीत इतर चार अडकवून दाखवाव्यात. असे हजारो वेळा केले की अंगरखा तयार होतो. त्याचे वजन साधारण दहा-पंधरा किलो असे आणि त्यातले बरेचसे खांद्यांवर येई, म्हणून कमरेला पट्टा आवळून ते विभागत. पूर्ण पोलादी चिलखत वीस ते पंचवीस किलोंचे असले तरी ते सबंध अंगावर वाटले जात असल्याने ते घालून माणूस पळू शके, जमिनीवर लोळण घेऊन उठू शके आणि कोणाच्या आधाराशिवाय घोड्यावर चढू शके. नाइटला घोड्यावर चढवायला यारी लागे, ही समजूत चित्रपटांनी आणि विनोदी लेखकांनीच पसरवलेली आहे. सहाव्या शतकात मात्र कड्यांचे चिलखतही मोजक्या श्रीमंत सरदारांनाच परवडत असणार. सामान्य शिपायाकडे ढाल, भाला आणि जाडसर कपडे.

कॅल्विनला तलवार, घोडेस्वारी आणि क्रॉसबो (दांड्यावर आडवे बसवलेले, चापाने सुटणारे धनुष्य) यांचे शिक्षण दिले जाते, तेथे तिसऱ्यांदा थांबावे. क्रॉसबोसारखे हत्यार रोमन लोकांना माहीत होते, त्यामुळे ते सरसकट चूक म्हणता येत नाही. पण युरोपातल्या युद्धांत त्याचा बोलबाला अकराव्या-बाराव्या शतकांत झाला, इतका की ११३९ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास बंदी घातली. ही बंदी कोणी पाळली नाही. घोडेस्वारीत रिकीब पाहायला सांगावी: पश्चिम युरोपात रिकिबीचा वापर साधारण आठव्या शतकापासून रुळला, आणि भाला काखेत दाबून घोड्यासकट धडक मारण्याचे तंत्र त्याच्याही पुढचे आहे. कॅल्विनचे वय मात्र चित्रपटाने नकळत बरोबर साधले आहे. मध्ययुगीन पश्चिम युरोपात सरदाराघरचा मुलगा सातव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्याच्या घरी सेवक म्हणून जाई, चौदाव्या वर्षाच्या सुमारास नाइटचा शस्त्रवाहक होई आणि विशीच्या आसपास त्याला नाइट केले जाई. म्हणजे पौगंडावस्थेतल्या मुलाने शस्त्रे शिकणे अगदी रास्त. काही दिवसांतच नाइट होणे तेवढे अशक्य.

राजाच्या पंगतीतल्या जेवणाकडे पाहताना एकच नियम सांगावा: १४९२ पूर्वीच्या युरोपात बटाटा, टोमॅटो, मका, मिरची, टर्की आणि चॉकलेट नव्हते. कॅल्विन धाकटी राजकन्या कॅथरीन हिला 'बिग मॅक' करून खायला घालतो. त्यातला मांसाचा गोळा, पाव, चीज आणि कांदा हे सारे मध्ययुगात मिळाले असते. अडचण येते ती सोबतच्या टोमॅटो केचपची आणि बटाट्याच्या काड्यांची.

चाकांच्या बुटांची गंमत तर चित्रपटकर्त्यांनीही योजली नसेल. कॅल्विन कॅथरीनसाठी एका रांगेत चाके असलेले बूट तयार करवून घेतो. चाकांचे बूट प्रत्यक्षात ज्याच्या नावावर आहेत, तो अठराव्या शतकात लंडनमध्ये राहणारा यंत्रकार जॉन जोसेफ मर्लिन. एका मेजवानीत हे बूट घालून व्हायोलिन वाजवत तो आला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर आपटला, अशी गोष्ट सांगतात. मध्ययुगातल्या लोहाराला चाक आणि आस बनवणे काही अवघड नव्हते. अवघड होती ती गुळगुळीत जमीन.

शेवटची आणि सर्वांत मोठी विसंगती दिसत नाही, ऐकू येते. सहाव्या शतकातल्या आर्थरची भाषा आजच्या वेल्श भाषेची पूर्वज असलेली केल्टिक भाषा होती, आणि शिकलेले लोक लॅटिन लिहीत. इंग्रजीचे जुने रूप बोलत होते ते त्याचे शत्रू, म्हणजे सॅक्सन. आणि तेही आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला अगम्य आहे. कॅल्विनला दरबारातले एक अक्षर कळले नसते. चित्रपटाने हा प्रश्न बाजूला ठेवला, आणि ते योग्यच केले, कारण नाहीतर गोष्ट पहिल्या दहा मिनिटांतच संपली असती. प्रत्येक विसंगती ही चूक नसते, काही विसंगती गोष्ट चालण्यासाठी मुद्दाम पत्कराव्या लागतात, हा भेद मुलांना याच ठिकाणी दाखवावा. वहीत अशा गोष्टींसमोर वेगळी खूण करावी.

पाचवी पायरी: बेलास्को आणि सारा यांच्याविषयी बोलावे

दुष्ट सरदार बेलास्को राजाची थोरली मुलगी सारा हिच्याशी जबरीने लग्न करून गादी बळकावू पाहतो. मुलांना हे परीकथेतले वाटते. त्यांना ॲक्विटेनच्या एलिनॉरची हकीकत सांगावी. बापाच्या मृत्यूनंतर विस्तीर्ण प्रांताची वारस ठरलेल्या या मुलीचे लग्न ११३७ मध्ये, ती जेमतेम किशोरवयात असताना, फ्रान्सच्या राजपुत्राशी लावून देण्यात आले. ११५२ मध्ये तो विवाह रद्द झाला आणि ती आपल्या प्रांताकडे परत निघाली, तेव्हा वाटेत दोन सरदारांनी तिला पळवून लग्न लावण्याचा बेत केला होता. ती निसटली आणि काही आठवड्यांतच तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले. बेलास्कोचा डाव त्या काळाच्या राजकारणातला नेहमीचा डाव होता.

स्पर्धेच्या अखेरीस काळा नाइट शिरस्त्राण काढतो आणि ती सारा असल्याचे कळते, त्या दृश्यावर मुली हमखास बोलतात. चोरी करून गरिबांना मदत करणारी, स्वतःच्या लग्नाचा निकाल स्वतः तलवारीने लावणारी राजकन्या ही १९९५ च्या रकान्यात लिहायची गोष्ट आहे, असे माझे मत आहे. पण मुलांनी पंधराव्या शतकात फ्रेंच सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या जोन ऑफ आर्कचे नाव घेऊन वाद घातला तर घालू द्यावा. मोठ्या वयाच्या मुलांना एवढे विचारावे की या चित्रपटाचा खरा नायक कॅल्विन आहे की सारा.

सहावी पायरी: 'मी गेलो असतो तर' ही कसोटी घ्यावी

अशा सर्व कथांचा पाया एकच असतो: आधुनिक माणूस मागच्या काळातल्या लोकांपेक्षा हुशार ठरतो. याची परीक्षा घेण्यासाठी मुलांना आपले दप्तर रिकामे करायला सांगावे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू तेथे किती दिवस चालेल, आणि ती संपल्यावर मला पुन्हा बनवता येईल का? कॅल्विनचा सीडी प्लेयर सेल संपेपर्यंतच चमत्कार राहतो. मोबाइलचे तर मनोरे आणि उपग्रह यांच्याविना निम्मे प्राणच जातात. पेन्सिल, दोरी, आरसा, सुई आणि भिंग या वस्तू मात्र टिकतात आणि तेथल्या माणसांना लगेच समजतात.

येथे या चित्रपटाच्या मूळ प्रेरणेशी तुलना करावी. मार्क ट्वेन यांच्या 'अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' या १८८९ च्या कादंबरीचा नायक हँक मॉर्गन हा शस्त्रांच्या कारखान्यातला मुकादम आहे. तो इसवी सन ५२८ मध्ये पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे एकही वस्तू नसते. पण तोफा, इंजिने आणि यंत्रे कशी बनतात हे त्याला ठाऊक असते, आणि त्या बळावर तो कारखाने आणि दूरध्वनी उभे करतो. शंभर वर्षांनंतरचा कॅल्विन वस्तू बाळगतो, पण चाकांचे बूट सोडले तर फारसे काही घडवत नाही. हा फरक मुलांना स्वतः शोधता आला तर उत्तम. त्याचबरोबर मध्ययुगातले लोक अडाणी होते असा समजही पक्का होऊ देऊ नये. पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या युरोपीय विद्वानांना माहीत होते. तेराव्या शतकातल्या विद्यापीठांत सॅक्रोबोस्कोचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक शिकवले जाई.

सातवी पायरी: हीच कथा १२९० च्या देवगिरीत लिहून पाहावी

चार रकान्यांची पद्धत कळली की नाही हे पाहण्यासाठी मुलांना ओळखीच्या भूमीवर आणावे. रामदेवराव यादव गादीवर आहे, नेवाशात ज्ञानेश्वरी नुकतीच सांगून झाली आहे, आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीला अजून सहा वर्षे आहेत, अशा वेळी पुण्याची किंवा नांदेडची नववीतली मुलगी देवगिरीच्या पायथ्याशी जाऊन पडते. पुढचे मुलांनी लिहावे.

भाषेच्या बाबतीत ही मुलगी कॅल्विनपेक्षा भाग्यवान आहे. शाळेत पसायदान म्हणणाऱ्या मुलांना त्या काळातली मराठी थोडीफार कानावर असते; बोलणे नीट समजायला काही दिवस लागतील, पण ती अगदीच परकी राहणार नाही. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'तली साधी वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली, तर संवाद कसे लिहावेत याचा अंदाज येतो.

जेवणात ती फसणार. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका आणि काजू हे सारे पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून आपल्याकडे आले. चहाही नाही. वडापाव आणि मिसळ सोडाच, शेंगदाण्याची चटणीही नाही. तिखटपणा हवा तर मिरी, आले अशा मसाल्यांचाच. भाकरी, भात, डाळी, तूप, ताक, तीळ आणि गूळ यांवर मात्र पोट सुखाने भरेल.

किल्ल्याचे चित्र काढताना मुले बहुधा डिस्नेसारखीच काळांची सरमिसळ करतात. आज दौलताबादला सहलीला गेल्यावर दिसणारा चांद मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला आहे, आणि तेथील मोठ्या तोफा त्याहूनही नंतरच्या. दौलताबाद हे नावसुद्धा मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात दिलेले. म्हणून १२९० च्या चित्रात उभा तासलेला डोंगर ठेवावा आणि मिनार व तोफा खोडाव्यात. घरात सहलीचे छायाचित्र असेल, तर त्यावर पारदर्शक कागद ठेवून फक्त यादवकाळात असू शकेल तेवढेच गिरवायला सांगणे हा छान उद्योग आहे.

गोष्टीची लांबी दोन पानांपेक्षा जास्त मागू नये. जाणूनबुजून एकच विसंगती ठेवण्याची मुभा द्यावी, आणि ती का ठेवली हे लेखकाने तळाला एका ओळीत लिहावे.

आठवी पायरी: पुढे काय पाहावे, काय वाचावे

मुलांना गोडी लागली तर ट्वेन यांच्याच कल्पनेवरचे आणखी काही चित्रपट आहेत. बिंग क्रॉस्बी यांचा १९४९ चा संगीतपट लहानांनाही चालतो. १९९८ मध्ये डिस्नेनेच दूरचित्रवाणीसाठी केलेल्या 'अ नाइट इन कॅमेलॉट'मध्ये व्हूपी गोल्डबर्ग शास्त्रज्ञाच्या भूमिकेत आहेत, आणि एका बाईच्या ज्ञानाकडे दरबार कसा पाहतो हा मुद्दा तेथे अधिक नीट येतो. मार्टिन लॉरेन्स यांचा २००१ चा 'ब्लॅक नाइट' त्याच जातीचा असला तरी त्यातले विनोद मोठ्यांसाठीचे आहेत. तो बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना दाखवू नये. १९९७ चा 'अ किड इन अल्लादिन्स पॅलेस' हा कॅल्विनचाच पुढचा प्रवास आहे, परंतु तो वगळला तरी काही बिघडत नाही.

मूळ कादंबरी मात्र सबंध हातात देण्याआधी पालकांनी स्वतः वाचावी. सूर्यग्रहणाचे भाकीत करून नायक जिवंत जाळले जाण्यातून सुटतो, तिथपर्यंतची सुरुवातीची प्रकरणे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवण्याजोगी आहेत. त्यानंतर ट्वेन यांचा सूर गुलामगिरी, अन्यायी कायदे आणि धर्मसत्ता यांकडे वळतो. अखेरच्या लढाईत नायक आणि त्याचे मोजके साथीदार विजेच्या तारांच्या कुंपणाने व यांत्रिक बंदुकांनी हजारो नाइटांना मारतात आणि त्यांच्याच प्रेतांच्या वेढ्यात अडकून पडतात. हा भाग पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकासाठी राखून ठेवावा, आणि तेव्हा कॅल्विनचे नाव लिहिलेली ती जुनी वही शोधून त्यात हँक मॉर्गनसाठी पाचवा रकाना, १८८९ चा, आखायला सांगावे.